कठड्यावरचा ओरखडा

१

ज्या वाटेवर हातगाडीलासुद्धा मज्जाव, त्या वाटेवर हेडसरांना कुणीतरी उडवलं होतं.

समुद्राच्या कडेकडेने जाणारी ही वाट फक्त पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची. एका अंगाला पाणी, मध्ये लोखंडी कठडा, दुसऱ्या अंगाला घरांच्या परसभिंती. दोन्ही टोकांना खांब रोवलेले, त्यामुळे मोटार सोडाच, स्कूटरचीही आत शिरायची टाप नाही. अशा वाटेवर, नुकतंच उजाडलेलं असताना, कॉफीच्या टपरीवालीला कठड्याखालून कण्हल्याचा आवाज आला. आधी तिला वाटलं मांजर असेल. मग त्या मांजराने "अहो, वर कुणी आहे का?" असं शुद्ध भाषेत विचारलं, तेव्हा ती हातातली किटली टाकून धावली.

हेडसर खाली वाळूत पडले होते. कठड्याचा एक गंजलेला तुकडा नगरपालिकेने आदल्याच दिवशी दुरुस्तीला उचलून नेला होता, उरलेल्या कठड्याला पांढरा रंग फासला होता, आणि मधल्या खिंडाराला एक दोरी बांधून, तिच्यावर लाल फडकं अडकवून आपलं कर्तव्य पार पाडलं होतं. हेडसर त्या खिंडारापाशी समुद्र बघत उभे होते. त्यानंतर शुद्ध आली ती खाली वाळूत, आणि मग हॉस्पिटलात. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पोलिसांनी "वय झालंय, तोल गेला" म्हणून प्रकरण मिटवायचं ठरवलं. पण हेडसर ऐकणारे नव्हते. "आयुष्यभर कार्ट्यांनी जंग जंग पछाडलं तरी माझा तोल गेला नाही," ते म्हणाले, "तो समुद्र बघताना जाईल?" डॉक्टरांनीही पाहिलं, तर पाठीवर मुठीएवढा काळानिळा वण आणि पोटरीवर खरचटलेलं. मागून सायकल घासून गेली होती, यात शंका उरली नाही.

नगरपालिकेला तेवढंच हवं होतं. सायकलवाला दोषी ठरला की खिंडार आपोआप निर्दोष सुटतं. दुसऱ्याच दिवशी वाटेच्या तोंडाशी कागद चिकटला: दोषी इसम सोमवारच्या सभेपर्यंत पुढे न आल्यास या मार्गावर सायकलींना कायमची बंदी.

तो कागद इन्स्पेक्टरबाईंनी सायकल हाती धरून वाचला. पुन्हा वाचला. मग त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

बाई पोलीस खात्यातल्या नव्हत्या. एका विमा कंपनीत दावे तपासायला होत्या. आग लागली म्हणणाऱ्याच्या घरात आधी काडेपेटी शोधायची, हा त्यांचा धंदा. लोकांवर विश्वास न ठेवण्याची इतकी सवय झाली की लग्न जमता जमता मोडलं, मैत्रिणी हळूहळू पांगल्या, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेला गुच्छ घरी आणून पाण्यात ठेवला तेव्हा तो कुणाला दाखवावा हेच कळेना. गुडघ्यांनी चालायला केव्हाच नकार दिलेला. सायकलवर मात्र तेच गुडघे गुमान वागत. म्हणून रोज सकाळी घराखालच्या वाटेवर सायकल, आणि त्या फेरीत जे काय बोलणं होईल तेवढंच दिवसभराचं बोलणं.

आणि त्या बोलण्यात सगळ्यात जास्त वाटा कप्तानांचा.

कप्तान पूर्वी प्रवासी बोटी चालवायचे. त्यांच्या परसाचं दार वाटेवरच उघडायचं, आणि त्या दारातून त्यांची जोडसायकल बाहेर पडायची, म्हणजे पुढे एक सीट, मागे एक सीट, एकामागोमाग दोघांनी चालवायची. मागे त्यांची बायको बसत असे. ती गेल्यावरही कप्तानांनी सायकल बदलली नाही. पुढे बसून एकटेच ते लांबडं धूड हाकत. मागच्या सीटवर कुणाला बसू देत नसत. समोरून बाईंनी घंटी वाजवली की लांबूनच त्यांची हाक यायची, "कोण, इन्स्पेक्टरबाई? आज वारा कुणाच्या बाजूने?" त्या हाकेवर बाईंचा दिवस निघे. त्या मागच्या सीटकडे आपण कधीकधी जरा जास्तच वेळ बघतो, हे बाईंना माहीत होतं. कप्तानांना माहीत नसावं अशी आशा होती.

आता सोमवारनंतर यातलं काहीच राहणार नव्हतं. राहणार होतं ते घर, आणि घरात बोलायला भिंती.

"असं कसं," बाई त्या कागदाला मोठ्याने म्हणाल्या, आणि तपासाला लागल्या.

२

"तुम्ही नेमक्या त्या दिवशी कुठे होता हो?" टपरीवालीने कॉफी पुढे करत विचारलं.

"सर्दी झाली होती. अंथरुणात होते."

"बघा. तुम्ही असता तर हे झालंच नसतं. तुमची ती घंटी! मेलेला माणूस उठून बाजूला होईल."

टपरीवाली पहाटे यायची ती सगळ्यांची खबर घेऊनच घरी जायची. पण त्या दिवशी तिला उशीर झाला होता. ती आली तेव्हा वाट रिकामी होती.

"रोज कोण कोण येतं इतक्या लवकर?"

"कोण येणार! हेडसर, सगळ्यांना ओरडायला. तो रॉकेट, जीव खाऊन पळवायला. कप्तान. आणि तुम्ही. चार टाळकी."

"कप्तान त्या दिवशी आले होते?"

"ते म्हणतात नाही. घरीच होते म्हणे. त्यांचं काय हो, जाताना ऐटीत बसून जातात आणि येताना सायकल हाताने ढकलत येतात. उलट्या वाऱ्यात गुडघे दुखतात म्हणे. त्यात त्यांचं मडगार्ड सैल झालंय. जाताना नुसती खरखर खरखर. मी म्हटलं, अहो, दाखवा कुणाला तरी. तर हसतात." तिने डोळे बारीक केले. "मी सांगू कुणाचं काम आहे? रॉकेटचं. सगळे तेच म्हणतायत."

रॉकेट म्हणजे टपाल कचेरीतला कारकून. दिवसभर शिक्के मारायचे आणि पहाटे शर्यतीचा सराव. बाई कचेरीत गेल्या तेव्हा तो खिडकीमागे बसला होता आणि त्याचा चेहरा परत आलेल्या पाकिटासारखा झाला होता.

"बाई, मी गेलो होतो त्या दिवशी. कशाला खोटं बोलू? पण मला हेडसर दिसलेच नाहीत."

"जाताना की येताना?"

"दोन्ही वेळा."

"येताना कुठल्या बाजूने येतोस?"

त्याने शिक्का उगाच शाईत दाबला. वाटेचा नियम साधा होता, डावी बाजू धरायची. जाताना समुद्र डावीकडे, म्हणून कठड्याजवळून जायचं. येताना भिंतीकडून यायचं.

"येतानाही कठड्याकडूनच येतो," तो शेवटी म्हणाला. "तिकडचं डांबर गुळगुळीत आहे. भिंतीकडे खड्डेच खड्डे. हेडसर त्यावरूनच मला रोज झापायचे." मग एकदम खाली वाकून, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मी नाही केलं हो. पण सभेत सगळे माझ्याकडे बघणार, आणि मला बोलता येत नाही."

त्याला बोलता येत नाही हे बाईंना पटलं. बाकीचं पटवून घ्यायला त्या तयार नव्हत्या.

३

हॉस्पिटलात हेडसर उशांना टेकून, पाय वजनाला टांगून, एखाद्या परीक्षकासारखे पडले होते. शेजारची खुर्ची नुकतीच कुणीतरी सोडलेली दिसत होती.

"कप्तान येऊन गेले," हेडसर म्हणाले. "रोज येतात. माझा सख्खा मुलगा एकदा आला, तोही घड्याळ बघत. आणि हा माणूस, ज्याला मी आयुष्यात एकदाही सरळ नमस्कार केला नाही, तो रोज तासभर बसतो."

"काय बोलता?"

"वर्तमानपत्र आणतात आणि मलाच मोठ्याने वाचायला लावतात. म्हणे पडून पडून आवाज बसेल. वाचून दाखवतो मी, छोट्या जाहिरातींसकट." हेडसरांनी उशाशी ठेवलेल्या वर्तमानपत्राची घडी सरळ केली. "वर्गात वाचून दाखवायचो तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. हे कान देऊन ऐकतात."

बाईंनी खुर्चीवर बसून मूळ विषयाला हात घातला. "सर, पडायच्या आधीचं काहीतरी आठवा. बघितलेलं नाही, ऐकलेलं."

हेडसरांनी डोळे मिटले. "एक खरखर. कुणीतरी कठड्यावरून काठी ओढत येतंय असं वाटलं. पोरं करतात तसं. मनात म्हटलं, येऊ दे जवळ, कान धरतो. मग ती खरखर थांबली. म्हटलं, पळालं कार्टं. आणि लगेच धडक."

"घंटी?"

"नाही."

"कुणी ओरडलं? सॉरी म्हणालं?"

"पडताना कानात नुसता समुद्र होता हो."

कोपऱ्यातल्या कपाटात त्या दिवशीचे कपडे पिशवीत होते. नर्सच्या परवानगीने बाईंनी पँट बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेली. पोटरीच्या मागच्या बाजूला काळ्या वंगणाची खूण होती. नुसता डाग नव्हता. अर्धवर्तुळात ओळीने उमटलेले दात होते, जसे चावलेल्या भाकरीवर उमटतात.

चेन ज्या दातेरी चाकावरून फिरते, त्या चाकाची ती खूण होती. आणि ती खूण रॉकेटला बुडवणार होती.

४

बाईंनी हिशेब मांडला, तो असा. चेन सायकलच्या उजव्या अंगाला असते. लहान, मोठी, शर्यतीची, बाजारहाटाची, कुठलीही घ्या, उजव्या अंगाला. हेडसर समुद्राच्या कडेला उभे. म्हणजे सायकलचं उजवं अंग समुद्राकडे होतं. म्हणजे सायकल परतीची होती, आणि परत येताना कठड्याला चिकटून येणारा या वाटेवर एकच प्राणी.

सगळं जिथल्या तिथे बसत होतं. नोकरीत असताना असं काही जुळलं की बाई शिक्का मारून घरी जात. या वेळी घरी जाववेना. रॉकेटचं ते परत आलेल्या पाकिटाचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. शिवाय ती खरखर कुठेच बसत नव्हती. शर्यतीची सायकल पाण्यासारखी जाते, ती खरखरणार कशाला?

त्या पुन्हा खिंडारापाशी गेल्या. दोरी तुटून लोंबत होती. संध्याकाळचं ऊन कठड्यावर आडवं पडलं होतं, आणि त्या उन्हात त्यांना ते दिसलं.

ओरखडा. खिंडाराच्या अलीकडे, जाताना आधी लागतो त्या कठड्यावर, नव्या पांढऱ्या रंगात, कमरेच्या उंचीवर, वाटेच्या बाजूने, एकच लांब रेघ. रंगाऱ्याने रंगवायला जिथून सुरुवात केली होती तिथपासून ती निघाली होती आणि न तुटता खिंडारापर्यंत आली होती. रंग ओला असताना ओढलेली. खिंडाराच्या पलीकडेही कठडा तितकाच नवा रंगवलेला, पण तिथे रेघ नव्हती.

पोलिसांनी ती पाहिली असणारच, आणि पोरांचा चाळा म्हणून सोडून दिली असणार. बाईंनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. ओला रंग काडीने ओढला की काडी जिकडे जाते तिकडे त्याची गुठळी जमते. प्रत्येक खांबापाशी एक बारीक गुठळी होती, आणि प्रत्येक गुठळी खिंडाराच्या बाजूला होती.

म्हणजे खरखर करणारी सायकल परत येत नव्हती. जात होती. समुद्र तिच्या डाव्या हाताला होता.

रॉकेट सुटला. त्याची सायकल जाताना हेडसरांना घासली असती तर डाव्या अंगाने, आणि डाव्या अंगाला चेनच नाही, मग दात कुठून उमटणार?

पण मग कुणाचेच उमटणार नाहीत. डाव्या अंगाला चेन असलेली सायकल असतेच कुठे?

बाई घरी आल्या, दिवा लावला, गॅसवर दूध ठेवलं. आणि दूध उतू जात असताना तिथेच उभ्या राहिल्या. गॅस बंद करायचंही त्यांना सुचेना.

असते. एक असते.

५

जोडसायकलला दोन चेन असतात. एक नेहमीची, मागच्या चाकाला फिरवणारी, उजवीकडे. दुसरी पुढच्या पॅडलांना मागच्या पॅडलांशी बांधणारी, दोघांचे पाय एका तालात राहावेत म्हणून. ती डावीकडे असते. बाईंनी ती इतक्या वेळा इतक्या जवळून पाहिली होती की त्यांनाच स्वतःचा राग आला. मागच्या सीटकडे बघण्याच्या नादात तिच्याखालची चेन राहून गेली होती.

पण कप्तान? त्यांनी माणूस पाडून निघून जावं? आणि कठड्यावरून काडी का ओढावी, तीही या वयात?

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि जे त्यांना करायचं नव्हतं ते करू लागल्या. एकेक गोष्ट उचलून उजेडात धरू लागल्या.

सैल मडगार्ड. ते सैल असतं तर येतानाही खरखरलं असतं, ढकलत आणलं तरी. पण खरखर फक्त जाताना, कठडा जवळ असताना.

येताना सायकल हाताने ढकलणं. येताना बाजूला कठडा नसतो.

वर्तमानपत्र, दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतलेलं.

आणि ती लांबून येणारी हाक. "कोण, इन्स्पेक्टरबाई?" नेहमी घंटीनंतर. एकदाही घंटीच्या आधी नाही.

गेल्या वर्षी बाईंनी एक नारिंगी जाकीट घेतलं होतं. दुकानात फार वेळ घुटमळून, या वयात शोभेल का म्हणून दहा वेळा आरशात बघून घेतलं होतं. टपरीवालीने डोळे मोठे केले होते, रॉकेटने अंगठा दाखवला होता, हेडसरांनी "हे काय, दिवाबत्ती?" म्हटलं होतं. कप्तान एक शब्द बोलले नव्हते. सभ्य माणूस, बायकांच्या कपड्यांवर बोलत नाही, असं म्हणून बाईंनी त्यांना मनातल्या मनात आणखी गुण दिले होते.

त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. कप्तानांना दिसत नव्हतं. कठड्याला काडी लावून, तिच्या आवाजावर सायकल सरळ ठेवत ते रोज जात होते. त्या दिवशी कठडाच संपला, आवाज थांबला, आणि ते भरकटले.

बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. हेडसरांसाठी नाही, कप्तानांसाठीही नाही. ज्या एका माणसाला आपण रोज दिसतो असं वाटत होतं, त्यालाही आपण दिसत नव्हतो, म्हणून.

६

रविवारी सकाळी बाई कप्तानांच्या परसदाराशी थांबल्या आणि घंटी वाजवली.

"या, इन्स्पेक्टरबाई!"

जोडसायकल आत छपराखाली भिंतीला टेकून होती. डाव्या हँडलला छत्रीची एक जुनी काडी तारेने घट्ट बांधलेली, लवचिक, बाहेर झुकलेली. तिच्या टोकाला पांढरा रंग वाळलेला होता. पुसायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. पण पुसणाऱ्याला आपण किती पुसलं ते दिसत नव्हतं.

बाईंनी काडीला बोटाने टिचकी मारली. ती थरथरली.

कप्तान तो आवाज ओळखून तसेच उभे राहिले. मग हाताने चाचपत शेजारची पेटी शोधली आणि तिच्यावर बसले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"मधलं सगळं धुकं आहे. कडेचं थोडं कळतं. उजेड, सावली. बोटीवर असताना धुक्यात भोंग्यावर चालवायचो, तसंच." ते हसायला गेले आणि ते जमलं नाही. "मला वाटलं मजुरांचं काहीतरी सामान ठेवलंय. दोरी लागली, धक्का बसला. मी थांबलो, बाई. शपथेवर सांगतो. कोण आहे, म्हणून ओरडलो. कुणी बोललं नाही."

"ते बेशुद्ध होते."

"दुपारी कळलं. तेव्हापासून रोज त्यांच्याकडे जाऊन बसतो, सांगायचं म्हणून. आणि ते वाचायला लागतात. इतक्या आनंदाने वाचतात की सांगायचं राहतं."

"सांगायचं राहतं की सांगवत नाही?"

"सांगवत नाही." त्यांनी मान खाली घातली. "मुलीला कळलं तर ती घेऊन जाईल. चांगली आहे हो ती, वाईट नाही. सातव्या मजल्यावर घर, खिडक्या बंद. तिथे मला समुद्र ऐकूसुद्धा येणार नाही."

बाहेर पाणी खडकांवर आपटत होतं.

"उद्या सभा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलला नाहीत तर वाट सगळ्यांची जाईल. आणि त्या पोराला गाव उभं जाळेल."

"वाट जाणार नाही. नगरपालिका नुसती धमकावते. चार दिवसांत विसरतील." कप्तान उठले. हात पुढे करून त्यांनी सायकलचं पुढचं सीट शोधलं आणि त्यावर थोपटलं. "मी एक सुचवू? तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो. दोघं जाऊ रोज. तुमचे डोळे, माझे पाय. कुणाला काय कळणार? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला सोबत मिळाली."

बाईंनी भिंतीला हात टेकला.

इतकी वर्षं जे मनात आणायचीही लाज वाटली होती, ते या माणसाने आपल्या तोंडाने म्हटलं होतं. आवाज मऊ होता. चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता, नेमका नाही, जरासा बाजूला. त्या चेहऱ्यावर बाईंनी ते शोधलं जे त्या आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवर शोधत आल्या होत्या. हे खरं आहे, की घाबरलेला माणूस हाती लागेल ते पुढे करतोय?

सांगता येत नव्हतं. पहिल्यांदाच त्यांना सांगता येत नव्हतं.

"हे तुम्ही मला मागच्या महिन्यात का नाही विचारलंत?" त्या म्हणाल्या.

कप्तानांनी सीटवरचा हात काढून घेतला.

"उद्या सभेत तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "नाहीतर मला सांगावं लागेल. आणि ते मला करायला लावू नका. पाया पडते."

७

कप्तानांनी सांगितलं. उभे राहून, बोटीवर सूचना देत असल्यासारखं, एकही शब्द न गाळता सांगितलं. मग टपरीवालीने उठून नगरपालिकेच्या साहेबांना विचारलं की आंधळ्याला दिसलं नाही हे ठीक, पण कठडा काढून दोरी बांधणाऱ्यांचे डोळे कुठे गेले होते? त्यावर जो गदारोळ उठला त्यात बंदीचा कागद वाहून गेला. रॉकेट पहिल्यांदा हसला. हेडसरांनी हॉस्पिटलातून निरोप पाठवला की तक्रार नाही, फक्त उद्याचं वर्तमानपत्र कोण ऐकणार ते कळवा.

वाट वाचली. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. इन्स्पेक्टरबाई मागच्या रांगेत बसून होत्या. त्यांचं यात काही होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कप्तानांनीही ते सांगितलं नाही.

आठवड्याभरात मुलगी आली. चांगली होती, कप्तान म्हणाले होते तशीच. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वडिलांचा दंड, आणि सावकाश, पायरी पायरी सांगत ती त्यांना मोटारीपर्यंत आणत होती. मोटार पुढच्या रस्त्यावर उभी होती. बाई तिच्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. मुद्दाम आल्या होत्या.

एक प्रश्न त्यांच्या ओठांवर होता. ते बोललात ते मनापासून होतं का? एवढाच. कप्तानांनी हो म्हटलं असतं. आणि मग ते हो खरं की खोटं, हे तपासण्यात बाईंचं उरलेलं आयुष्य गेलं असतं. कारण तपासण्याखेरीज त्यांना दुसरं काही कधी आलंच नव्हतं. न विचारलं तर निदान अर्धी आशा तरी शाबूत राहते. म्हणून त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

कप्तान थबकले. मान किंचित तिरपी केली.

"समोर कुणी आहे का गं?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. नारिंगी जाकीट, पांढरे केस, ओले डोळे. "एक बाई आहेत, बाबा." मग बाईंनाच विचारलं, "तुम्ही ओळखता का यांना?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"नाही म्हणतायत, बाबा. अशाच थांबल्यात."

"हो का," कप्तान म्हणाले, आणि मुलीचा हात धरून, बाईंना वाट मागत, अदबीने बाजूने निघून गेले.